विटांआडची हिरवी फळी

मित्रांनो, मी एक जुनं फळ्यांचं घर आहे. मेलबर्न शहराच्या पश्चिमेला, नदीच्या अलीकडे, ट्वाइन गल्लीत आम्ही पाच घरं खांद्याला खांदा लावून उभी आहोत. त्यातलं मधलं, अकरा नंबरचं, ते मी. पुढे दोन खिडक्या, मध्ये दार, आत चार खोल्या, वर पन्हाळी पत्रा, आणि दारापुढे इतका चिंचोळा व्हरांडा की खुर्ची टाकून बसलात तर पाय समोरच्या वीतभर बागेत येतात. एवढाच माझा थाट. राजवाड्यांनी आपल्या गोष्टी खुशाल सांगाव्यात. माझी गोष्ट लहान आहे, पण मला ती पाठ आहे.

आधी एक गुपित सांगते. घरांना स्वप्नं पडतात. दिवसभर तापलेल्या फळ्या संध्याकाळी निवायला लागल्या की कुरकुरतात. माणसं म्हणतात, लाकूड आवाज करतंय. खरं तर आम्ही झोपेत बरळत असतो. माझ्या फळ्या फार लांबून, उत्तरेकडच्या गार मुलखातून जहाजाने आल्या. त्यांना अजून बर्फाची स्वप्नं पडतात. मी स्वतः बर्फ कधी पाहिलेला नाही. माझे पाय म्हणजे जमिनीत रोवलेले लाकडी खुंट. ते इथल्याच एका मोठ्या नदीकाठच्या झाडांचे आहेत आणि त्यांना पुराची स्वप्नं पडतात. त्यामुळे झोपेत माझ्या अंगावर बर्फ पडत असतो, पायाशी पाणी चढत असतं आणि मध्ये कुणीतरी चहा करत असतं. अशी माझी झोप.

मला बांधलं एमॉस ट्रेलोर नावाच्या सुताराने, १८८६ सालच्या उन्हाळ्यात. गल्लीच्या टोकाला दोराचा कारखाना होता आणि तिथल्या कामगारांसाठी पाच घरं हवी होती. एमॉस खालून वर फळ्या ठोकत गेला. प्रत्येक वरची फळी खालचीवर थोडी चढवायची, म्हणजे पाऊस निथळून जातो, आत शिरत नाही. काम करताना त्याला दम लागायचा. तो टेकायचा, कानामागची पेन्सिल काढायचा आणि फळीच्या मागच्या बाजूला मुकादमाचं तोंड काढायचा. अशी चार तोंडं माझ्या पोटात आहेत, एकाहून एक वाईट. जाताना त्याने दारावर थाप मारली आणि म्हणाला, "पन्नास वर्षं टिकलंस तरी पुष्कळ झालं." त्याला पुष्कळ वाटलं असेल. मला मुळीच वाटलं नाही.

मग माझ्याकडे माणसं आली. दोर वळणारी माणसं. त्यांची एक गंमत सांगते. दोर वळणारा माणूस कंबरेला ताग गुंडाळतो, त्याची टोकं चाकाला लावतो आणि पीळ देत देत मागे मागे चालत जातो. कारखान्याची लांबच लांब पडवी त्यासाठीच होती. दिवसभर उलट्या पावली मैलोगणती चालायचं! समोर दिसतं ते फक्त आपण सोडून आलेलं. काही जण घरी आल्यावरही विसरायचे आणि बोलता बोलता पाठीनेच दाराबाहेर जायचे. पोरं खिदळायची. मी मात्र त्यांना हसले नाही, कारण माझंही तसंच आहे. मलाही मागचंच जास्त दिसतं.

क्लॅरी होबन माझ्याच मागच्या खोलीत जन्मला. त्याचा बाप दोर वळायचा, पुढे तोही वळायला लागला. तोवर कारखान्यात यंत्रं आली होती, तरी जाड जहाजी दोर अजून पडवीतच वळत आणि क्लॅरी त्या कामातला पटाईत होता. १९५२ साली त्याने नेटीशी लग्न केलं. नेटी बिस्किटांच्या कारखान्यात कामाला होती. ती घरात आली आणि तागाच्या आणि डांबराच्या वासात पहिल्यांदाच साखरेचा वास मिसळला. तिने पुढच्या खिडकीखाली निळ्या फुलांचं एक झुडूप लावलं आणि मागच्या संडासावर पॅशनफ्रूटचा वेल चढवला. ती माझ्याशी बोलायचीही. "ऊठ गं बाई, उजाडलं," असं म्हणून सकाळी खिडकी उघडायची. आता मी घर, तरी तिच्या लेखी मी बाई होते. मला ते आवडायचं.

मित्रांनो, त्या काळात आमच्या भागात लाकडाची लाज वाटायची. वीट म्हणजे शिकलेसवरलेले, फळी म्हणजे मजूर, अशी सरळ वाटणी होती. या लाजेवर पोट भरणारे लोकही होते. हातात पेटी घेऊन विक्रेते दारोदार फिरायचे. पेटीत विटांचे तुकडे. म्हणजे खऱ्या विटांचे नव्हेत. डांबर पाजलेले जाड तक्ते, वर बारीक खडी चिकटवलेली आणि त्यावर विटांचा छाप, मध्ये पांढऱ्या रेघा. फळ्यांवर ते ठोकले की लांबून घर विटांचं दिसतं. जवळून ते कसं दिसतं हे विक्रेते सांगत नसत.

क्लॅरी आणि नेटी रविवारी ट्रामने तिच्या मावशीकडे जात. वाटेत एक घर लागायचं. नेटी दर वेळी त्याच्याकडे बोट दाखवून म्हणायची, "ते बघ, क्लॅरी. असं आपलं असतं तर!" घरी आल्यावरही तिचं तेच चालायचं. क्लॅरी नुसतं हूं म्हणायचा आणि बूट काढायचा. ते घर विटांचं होतं. क्लॅरीने विटा मनात ठेवल्या.

१९५७ च्या वसंतात नेटीला दिवस भरत आले होते. एके दुपारी ती मोठं पोट सावरत पुढच्या खिडकीखाली बसली. तिने तीन छोटे डबे आणले होते आणि झुडूप बाजूला सारून तिने माझ्या फळीवर रंगाचे तीन पट्टे ओढले. तिन्ही हिरवे. ब्रश माझ्या अंगावर फिरताना गुदगुल्या होत होत्या. ती स्वतःशीच पुटपुटत होती, "त्या ट्रामवरून दिसणाऱ्या घराच्या खिडक्यांचा असाच होता... नाही, तो याहून फिका." शेवटचा पट्टा नुकत्याच भरलेल्या वाटाण्याच्या शेंगेसारखा होता. तो ओढून ती मागे सरकली, बराच वेळ बघत बसली, मग पेन्सिल घेऊन प्रत्येक पट्ट्याशेजारी काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते मला कळलं नाही. स्वतःच्या छातीवर लिहिलेलं कुणाला वाचता येतं? तिसऱ्याच दिवशी तिला कळा सुरू झाल्या.

तेव्हा बाळंतिणीला दहा दिवस इस्पितळातच ठेवून घेत. नवऱ्याला भेटीच्या वेळी काचेतून मूल दाखवायचे आणि घरी पाठवून द्यायचे. उरलेला वेळ नवऱ्याने काय करायचं? क्लॅरीला मुलगी झाली, तो आनंदाने वेडापिसा झाला आणि त्याने विटांचे तक्ते आणले.

शनिवारी कारखान्यातले सगळे दोस्त हातोड्या घेऊन हजर झाले. आमच्याकडची ती पद्धतच आहे. एकाचं काम निघालं की सगळे जमतात, मालकाने फक्त बिअर आणि सॉसेज बघायचे. ठोकाठोकीने माझं डोकं उठलं. क्लॅरी शिडीवर चढून बाजूची भिंत करत होता आणि पुढे खिडकीखाली होता ब्लूई, लाल केसांचा, सदा तहानलेला.

"क्लॅरी!" ब्लूईने हाक मारली. "इथे कुणीतरी रंग फासलाय रे. आणि काहीतरी खरडलंय पण."

"नेटीचे उद्योग असतील. झाक ते! आता सगळीकडे विटाच दिसणार आहेत."

"वाचून दाखवू का?"

"अरे वाचतोस काय, खिळा मार! बिअर गरम होतेय."

मित्रांनो, मला तोंड असतं तर मी त्या क्षणी ओरडले असते. माझ्याकडे फक्त एक सैल झालेली खिडकी होती. मी ती खडखडवली. ब्लूईने तिलाही एक खिळा मारला.

दहाव्या दिवशी टॅक्सी दाराशी थांबली. नेटी तान्ह्या ग्लेनिसला घेऊन उतरली आणि फाटकाशीच उभी राहिली. क्लॅरी माझ्यासमोर छाती फुगवून उभा होता. त्याच्या अंगठ्याला चिंधी बांधलेली होती आणि नख काळंनिळं झालं होतं.

"विटा!" तो म्हणाला. "तुला हव्या होत्या ना? ट्रामवरच्या घरासारख्या?"

नेटीने माझ्याकडे पाहिलं. खिडकीखाली पाहिलं. मग त्याच्या अंगठ्याकडे पाहिलं. तिथेच तिने काहीतरी ठरवलं असावं.

"अगं बाई," ती हसून म्हणाली, "आता आपण फारच मोठी माणसं झालो की! आता पाहुण्यांना बशीतून बिस्किटं द्यावी लागणार."

त्यानंतर तिने त्या गोष्टीचा एक शब्दही काढला नाही. फक्त वाटाण्याच्या रंगाचा डबा उरला होता, तो घेऊन एका दुपारी ती मागे गेली आणि संडासाचं दार रंगवून आली. क्लॅरी पोट धरधरून हसला.

"संडासाला हिरवं दार? राणीसाहेब यायच्यात की काय आपल्याकडे?"

"आल्याच तर लाज नको वाटायला," नेटी म्हणाली.

ही थट्टा पुढे कितीतरी वर्षं चालली. गल्लीतली माणसं राणीचा संडास बघायला यायची आणि क्लॅरी मोठ्या दिमाखात दाखवायचा. डबा संपला तरी नेटी दर चार वर्षांनी तोच रंग शोधून आणून त्या दाराला लावायची. ते काय होतं, हे फक्त दोघींना माहीत होतं. तिला आणि मला.

विटांच्या आड मी झोपून गेले. तिथे ऊन नव्हतं, वारा नव्हता. उत्तरेचा, वाळवंटावरून येणारा गरम वारा सुटला की पूर्वी माझी फळी न् फळी ताणली जायची. आता तो दूर कुठेतरी दुसऱ्याच्या घरावर आदळतोय असं वाटायचं. ग्लेनिस चालायला लागली, शाळेत गेली, लग्न होऊन गेली. कारखाना बंद पडला. मी हे सगळं गोधडीतून ऐकावं तसं ऐकलं. बर्फाची स्वप्नं मात्र वाढली. कधी कधी मला वाटायचं, मी घर नाहीच, मी अजून त्या गार रानातलं झाड आहे आणि घर होण्याचं स्वप्न बघतेय. मग नेटी न्हाणीघरात यायची. तिथली आतली भिंत उघड्या फळ्यांची राहिली होती. ती तिच्यावर तळवा टेकवायची आणि म्हणायची, "आहेस ना गं?" मी आहे, हे मला तेव्हा परत आठवायचं.

१९९४ साली नेटी गेली. त्यानंतर सकाळी मला कुणी उठवलं नाही. क्लॅरी खिडकी उघडायचा, पण तो बोलत नसे. बागेतलं निळं झुडूप वाळून गेलं. क्लॅरी आठवड्यातून एकदा बादली घेऊन माझ्या विटा पुसायचा. एखादा तक्ता सुटला तर लगेच ठोकायचा. नेटीला दिलेली ती सगळ्यात मोठी भेट होती आणि ती त्याला नीट ठेवायची होती. खरं सांगू? मला त्या विटांचा राग यायचा आणि पुसणाऱ्या हाताची दया यायची. दोन्ही एकदमच.

नऊ वर्षांनी आमच्या पाचांच्या जिवावर बेतलं. एका कंपनीला आम्हाला पाडून तिथे फ्लॅट बांधायचे होते. चार घरांचे मालक दुसरीकडे राहत होते, ते विकायला तयारच होते. उरला क्लॅरी, माझा मालक, तर तो म्हणायचा, मी इथून खांद्यावरूनच जाणार. पण खरी पंचाईत झाली ती स्टाव्रूलाची. ती माझी शेजारीण, तेरा नंबरची. सदतीस वर्षांपूर्वी ग्रीसहून नवी नवरी म्हणून आली आणि तेव्हापासून तिथेच भाड्याने राहते. मागच्या अंगणातलं लिंबाचं झाड तिने काठीएवढं असताना लावलं होतं. आता त्याची लिंबं अख्खी गल्ली खाते.

त्याच सुमारास नगरपालिकेने जपायच्या घरांची यादी करायला घेतली. यादीत नाव आलं की घर पाडता येत नाही. त्या कामावर हुओंग नावाची तरुण बाई होती. आईबापांबरोबर लहानपणी व्हिएतनामहून आलेली आणि आमच्याच बाजारामागे वाढलेली. तिने पाचही घरांवरून हात फिरवला. सात नंबरशी हसली, नऊ नंबरचा फोटो काढला, माझ्यासमोर आली आणि तिचं तोंड उतरलं. वहीत तिने माझ्यापुढे एकच शब्द लिहिला. बिघडलेलं.

मित्रांनो, एकशे सतरा वर्षं उभं राहून आपल्यापुढे असा शब्द बघायचा! मी रात्रभर कुरकुरले.

पहिली सभा झाली. स्टाव्रूला जाऊन आली आणि आमच्या व्हरांड्यात येऊन थेट नक्कलच करायला लागली. समोर क्लॅरी आणि भेटायला आलेली ग्लेनिस बसली होती.

"एक टायवाला उठला. असा, नाकात बोलणारा. म्हणे, 'या घरांत कुणी मोठा माणूस राहून गेला आहे काय? कवी? मंत्री?' मी म्हटलं, आमच्याकडे क्लॅरी आहे, तो पाच फूट चार इंच आहे. सगळे हसले. तो नाही हसला."

"मग?" ग्लेनिसने विचारलं.

"मग ती हुओंग उभी राहिली. म्हणाली, मोठी माणसं राहिली नाहीत म्हणूनच ही घरं जपायची. मोठ्यांची घरं कुणीही जपतं. या शहरातली जहाजं ज्या दोरांनी बांधली, ते दोर वळणारी माणसं कशी राहत होती, कुठे झोपत होती, किती जागेत पोरं वाढवत होती, हे बघायला दुसरी जागा उरलेली नाही. मला तर रडूच आलं. पण लगेच पुढचं ऐकवलं." स्टाव्रूलाने क्लॅरीकडे बोट केलं. "पाचांची ओळ अखंड असेल तरच जपतील. मधलंच विटांचं, म्हणजे ओळ तुटली. पुढच्या मंगळवारपर्यंत विटा काढल्या आणि खाली फळ्या शाबूत निघाल्या, तर पाचही वाचतील. नाहीतर एकही नाही."

"विटा निघणार नाहीत," क्लॅरी म्हणाला.

"क्लॅरी!"

"त्या नेटीच्या आहेत."

"नेटीच्या कसल्या, डांबराच्या आहेत! तू मालक आहेस, तुला कोण हलवणार? माझं काय? मी झाड कुठे घेऊन जाऊ, डोक्यावर?"

क्लॅरी उठून आत गेला. ग्लेनिस त्याच्या मागे गेली. "बाबा," ती म्हणाली, "आईला काय वाटलं असतं?"

"तिला विटाच हव्या होत्या," तो म्हणाला. "आयुष्यात तिने माझ्याकडे एकच गोष्ट मागितली. ती तेवढी मी दिली. आता तीही उपटून टाकू?"

यावरचं उत्तर माझ्याकडे होतं. सेहेचाळीस वर्षं ते माझ्या छातीवर लिहिलेलं होतं आणि वर खिळे होते.

चार दिवस क्लॅरी आणि स्टाव्रूला एकमेकांशी बोलले नाहीत. लिंबं येणंही बंद झालं. शनिवारी सकाळी स्टाव्रूला मागच्या अंगणात आली. हातात पिशवी होती. ती झाडाची सगळी लिंबं उतरवत होती, कच्चीसुद्धा. क्लॅरी कुंपणाशी उभा राहून बघत होता.

"कच्ची का काढतेस?"

"मग कुणासाठी ठेवू? बुलडोझरवाल्यांसाठी?"

क्लॅरी आत आला, न्हाणीघरात गेला आणि नेटी टेकवायची तिथेच उघड्या फळीवर हात ठेवून बराच वेळ उभा राहिला. मग त्याने ग्लेनिसला फोन केला आणि सांगितलं, त्या नगरपालिकेच्या पोरीला बोलाव. एकच तक्ता काढून दाखवीन. खालच्या फळ्या सडलेल्या असणारच, मग विषय संपला.

दुपारी हुओंग आली. तिने पहार पुढे केली, तसा क्लॅरी म्हणाला, "ठेव ती, पोरी. माझे खिळे आहेत, मीच काढणार." त्याने खिडकीखालचा तक्ता निवडला, कारण तिथे बसून काम करता येत होतं आणि त्याचे गुडघे दुखत होते. दुसरं काहीही कारण नव्हतं. मी श्वास रोखून धरला.

खिळे किंचाळत निघाले. तक्ता सुटला आणि सेहेचाळीस वर्षांनी माझ्या अंगाला ऊन लागलं. मित्रांनो, ते कसं सांगू? दुपारभर झोपलेल्या लेकराच्या अंगावरची गोधडी आईने काढावी, तसं वाटलं.

"अय्या," हुओंग म्हणाली. "एक फळीसुद्धा सडलेली नाही!" मग तिने वाकून हळूच विचारलं, "मिस्टर होबन, हे कुणाचं अक्षर?"

क्लॅरीने चष्मा लावला. तीन हिरवे पट्टे, काल ओढल्यासारखे ताजे. तो वाचायला लागला आणि तेव्हा मलाही पहिल्यांदा कळलं, माझ्यावर काय लिहिलं होतं ते.

पहिल्या पट्ट्याशेजारी होतं, 'फार गडद.' दुसऱ्याशेजारी, 'बरा आहे.' तिसऱ्याशेजारी, 'हाच! सगळ्या पुढच्या फळ्यांना. बाळ घरी आलं की क्लॅरीला विचारायचं.'

क्लॅरीने बोटाने तिसरा पट्टा चाचपला.

"ग्लेनिस, हा रंग मी कुठेतरी बघितलाय."

ग्लेनिसच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "मागच्या दाराचा आहे, बाबा. राणीच्या संडासाचा."

क्लॅरीने चष्मा काढला. "ब्लूईने हाक मारली होती," तो म्हणाला. "वाचून दाखवू का, म्हणाला होता. मी म्हटलं, खिळा मार. आणि त्या दाराला मी हसलो. सगळ्या गल्लीला बोलावून हसलो. तिने मला एकदा तरी सांगायचं ना!"

"ती काय सांगणार?" स्टाव्रूला म्हणाली. ती केव्हा येऊन उभी राहिली होती कळलंच नाही. "तुझा अंगठा फुटला होता. तिनेच मला सांगितलंय. म्हणाली, त्याचा अंगठा बघितला आणि मला विटा आवडल्या. त्याचा अर्थ मला आज कळला."

क्लॅरी रडला. मोठ्याने, हमसून हमसून, नेटी गेली तेव्हाही रडला नव्हता तसा. मलाही वाईट वाटलं, पण खोटं कशाला बोलू, हलकंही वाटलं. इतकी वर्षं एकटीने सांभाळलेलं गुपित आता माझ्या एकटीचं राहिलं नव्हतं.

हुओंग त्याच्या शेजारी उकिडवी बसली. "एक सांगू? हे उघड्यावर असतं तर इथल्या उन्हाने पाच वर्षांत पुसून टाकलं असतं. पेन्सिलचं तर नावही उरलं नसतं. तुम्ही झाकलंत म्हणून राहिलं."

क्लॅरीने तिच्याकडे पाहिलं. मग तो उठला आणि जुन्या सवयीने उलट्या पावली चालत, पाठीनेच फाटकाबाहेर, रस्त्याच्या पार पलीकडे गेला. तिथून त्याने मला नखशिखांत न्याहाळलं. दोर वळणाऱ्याला पीळ बरोबर बसला की नाही ते असंच मागे जाऊन दिसतं.

"बाकीच्याही काढा," तो तिथून ओरडला. "आणि स्टाव्रूला, ती लिंबं परत झाडाला चिकटव!"

रविवारी सगळी गल्ली हातोड्या घेऊन आली. या वेळी बिअरबरोबर स्टाव्रूलाचे पालकाचे वडेही होते आणि हुओंगच्या आईने पाठवलेले, तांदळाच्या पातळ पापडीत भाजी गुंडाळलेले रोलही. मंगळवारी सभेत आम्ही पाचही यादीत गेलो. माझ्या नावापुढचा तो शब्द हुओंगने स्वतःच्या हाताने खोडला. फक्त रंगावरून थोडी कुरबुर झाली. ती म्हणाली, त्या काळच्या घरांच्या रंगांचं एक पुस्तक आहे आणि वाटाण्याचा हिरवा त्यात कुठेच नाही.

"मग पुस्तकात लिही," क्लॅरी म्हणाला.

आता मी हिरवी आहे. फक्त खिडकीखालची ती एक फळी क्लॅरीने तशीच ठेवली आहे. ऊन लागू नये म्हणून तिच्यापुढे त्याने नवं निळं झुडूप लावलंय. उत्तरेचा वारा आला की पुन्हा माझी फळी न् फळी ताणली जाते आणि संध्याकाळी मी मनसोक्त बरळते. बर्फाची स्वप्नं अजून पडतात, पण आता त्या बर्फात एक हिरवं दार असतं आणि कुणीतरी म्हणतं, "ऊठ गं बाई, उजाडलं."

मित्रांनो, तुमच्या गावातही माझ्यासारखी घरं असतील. बुटकी, साधी, कुणाच्या खिजगणतीत नसलेली. त्यांना पाडायच्या आधी आणि त्यांच्यावर काही चांगलंसं चढवायच्या आधीही एकदा जवळ जा. हात लावा. खाली काय लिहिलंय ते वाचा. आणि माणसांचंही तेच. आपल्या माणसाला काय हवंय ते आपल्याला पक्कं ठाऊक आहे असं वाटेल, तेव्हा तर नक्कीच विचारा.

रंगकाम संपलं त्या संध्याकाळी क्लॅरी झुडूप बाजूला सारून खिडकीखाली बसला होता. त्याने कानामागची पेन्सिल काढली आणि नेटीच्या अक्षरांखाली काहीतरी लिहिलं. मला पुन्हा गुदगुल्या झाल्या आणि पुन्हा काही वाचता आलं नाही. पण या वेळी लिहिता लिहिता तो ते मोठ्याने म्हणत होता.

"हो, नेटी. हाच."